चाल लेकीची होती

बांधकामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे गवंड्याच्या हातातलं ते दोरीला टांगलेलं वजन, भिंत सरळ चढतेय की नाही ते सांगणारं. माणूसही तसाच. उंच, काटकुळा, ताठ, आणि तोंडातून शब्द काढायचा म्हणजे याच्या जिवावर येणार. नुसता समोर उभा राहिला तरी आपलं वाकडं आपल्याला दिसायला लागायचं.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या निम्म्याअधिक ओळखी तशाच आहेत, त्यात नवल नाही. वस्तीच्या सभागृहाला लागून मुलांची वाचनाची खोली आहे, तिची मागची भिंत पोटुश्या बाईसारखी पुढे आली होती. सहा महिने अर्ज केले, दोनदा साहेबाच्या दारात बसले, तेव्हा कुठे नगरपालिकेने ठेकेदार पाठवला आणि ठेकेदाराने याला पाठवलं. मी कंबरेवर हात ठेवून उभीच होते.

"वाळू फार होतेय मिस्त्री. मला बनवायला दुसरा जन्म घ्यावा लागेल तुम्हाला."

त्याने कालवलेल्या मालाचा एक गोळा उचलला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ आपल्या हाताने मिटली. मग म्हणाला, "दाबा." मी दाबला. "उघडा." उघडली. गोळा जसाच्या तसा.

"सुटला?"

"नाही."

"मग?"

मग काय, मी हात धुवायला गेले. आयुष्यात मला गप्प करणारी माणसं मोजून तीन भेटली, त्यातला हा एक. ती भिंत त्याने ठेकेदाराने सांगितली त्याच्या दुप्पट जाडीची केली आणि राहिलेल्या कामासाठी आपले दोन रविवार घातले. का, विचारलं तर म्हणाला, "पोरं टेकून बसतात."

अर्धी वस्ती याच्या हातची. आई विटा वाहायची, तिच्या मागे मागे फिरत हा विटांत वाढला. काम थोरल्या भावाने शिकवलं. पुढे भावाने लोखंडी सामानाचं दुकान काढलं आणि त्याला बसल्या जागी हुकूम सोडायची सवय लागली. याला उभ्या जागी ऐकायची. बायको गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची. तेव्हापासून बाप-लेक भावाच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत. घरात काय शिजणार, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, दिवा किती वाजता मालवायचा, सगळं थोरला ठरवणार. "दादा म्हणाला" हे दोन शब्द ओळंब्याच्या तोंडात पान चघळल्यासारखे कायम.

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेले ती एका अर्जावर सही घ्यायला. आत पाऊल टाकलं आणि गुडघा कशावर तरी सणकून आपटला. पाहते तर एक जुना जाड लाकडी दरवाजा, दोन लाकडी घोड्यांवर आडवा टाकलेला, खाटेएवढा. आणि त्या दरवाजावर किल्ला.

प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा. पोरांच्या खेळातले असतात ना, एकावर एक दाबले की टचकन बसणारे, ते. मी माणसं बघणारी बाई, मला खेळण्यांत काय कळतंय. पण तिथे मी अर्ज विसरून उभी राहिले. चार बुरूज, मधे उंच मनोरा, तटाला बाण मारायच्या बारीक फटी. भोवती निळ्या ठोकळ्यांचा खंदक. शिवणाच्या दोऱ्यावर लोंबणारा उचलता पूल, धड वर नाही, धड खाली नाही. खंदकाच्या अलीकडे शेकड्यांनी फौज, शिड्या, दगडफेकीची यंत्रं, तंबू, तंबूंमागे स्वयंपाकाचे खड्डे. मनोऱ्यावर चेटकीण. बुरजाला विळखा घालून बसलेला हिरवा ड्रॅगन, त्याचा एक पंख खरा आणि दुसरा कुठल्या तरी मोडक्या विमानाचा. त्यावर विमानाचा आकडासुद्धा तसाच.

हे सगळं सामान लोकांनी टाकलेलं. जुन्या घरांची दुरुस्ती करायला जायचा तेव्हा माळ्यावरून पोरांच्या खेळण्यांच्या पिशव्या निघत. घरमालक म्हणे फेका, हा म्हणे मी नेऊ का. त्यामुळे फौज कशी, तर आगीच्या बंबावाल्याचं शिरस्त्राण घातलेला सरदार, डॉक्टरच्या पांढऱ्या कोटातला भालाईत, आणि राणीला दाढी.

"राणीला दाढी हो मिस्त्री?"

"तेवढंच डोकं उरलं होतं."

त्याची बोटं चुन्याने आणि सिमेंटने खाल्लेली, भुईमुगाच्या शेंगेसारखी जाड आणि तडकलेली. त्यात हा बोटाच्या नखाएवढा ठोकळा मावणार कसा? म्हणून तारा वाकवायची लांब चोचीची पक्कड घेऊन तो एकेक ठोकळा बसवायचा. वरचा सांधा खालच्या सांध्यावर कधी येऊ द्यायचा नाही, खऱ्या भिंतीसारखाच. त्याने मनोऱ्याचं छप्पर अलगद उचलून मला आत दाखवलं. जिने, धान्याच्या खोल्या, विहीर, भटारखाना. एका कोपऱ्यात संडास.

"अहो, हा कोण बघणार?"

"वेढा पडलाय सहा महिने. माणसं जाणार कुठे?"

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता हात पुढे केला. मुख्य दरवाजासमोर एक शिडी लावलेली होती, तिच्यावर एकटाच एक बारका सैनिक अर्ध्यात लटकलेला. मला तो उचलून बघायचा होता. ओळंब्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"इथे नाही ताई. चाल लेकीची आहे."

मग त्याने मला सांगितलं. ज्या माणसाच्या तोंडून एका बैठकीत दहा वाक्यं ऐकली नव्हती, त्याने तासभर सांगितलं.

लेक सात वर्षांची असताना पहिली पिशवी घरात आली. दोघांनी मिळून किल्ला बांधला आणि मग लढायचं ठरलं. बाप आतल्या बाजूचा, लेक बाहेरच्या. "मला भिंत पाडता येत नाही," हा म्हणाला. "मग मी पाडते," ती म्हणाली. दर रविवारी एकेक चाल. एका रविवारी याची, पुढच्या रविवारी तिची. तिने भुयार खणलं, याने आतून दुसरी भिंत घातली. तिने ड्रॅगन आणला, याने त्याला तटावरून रोज बकरी खायला घालून फितवला; दोन आठवडे पोरगी बापाशी बोलली नाही. कायदा एकच. ज्याची चाल त्यानेच करायची. दुसऱ्याने त्या जागेला बोट लावायचं नाही, मग महिना का जाईना. एकदा ती तापाने तीन आठवडे अंथरुणात होती. याने किल्ल्यावरची धूळसुद्धा झटकली नाही, न जाणो काही हललं तर.

बारा वर्षं चालली ही लढाई. त्या घरात थोरल्याला न विचारता ठरणारी गोष्ट हीच काय ती एक.

लेकीला नकाशे काढायचं शिकायचं होतं, इमारतींचे. बाप विटा लावतो, मी कागदावर लावीन म्हणायची. दूरच्या शहरात प्रवेशही मिळाला. थोरला म्हणाला, मुलीच्या जातीला एवढ्या लांब कशाला, दुकानात गल्ल्यावर बसेल. जेवताना म्हणाला, भात कालवत, जशी काही उद्याची भाजी ठरवतोय. लेकीने बापाकडे बघितलं. बाप ताटाकडे बघत होता.

ती गेलीच. तिच्या सख्ख्या मावशीने पाठबळ दिलं. जाताना बापाला म्हणाली, "काका बोलले त्याचं मला काही नाही. तुम्ही बोलला नाहीत."

त्याच्या आदल्याच रविवारी बापाची चाल झाली होती. त्याने उचलता पूल अर्धा खाली सोडला होता. पूल खाली येतोय तो आतली फौज तुटून पडणार म्हणून, की बाहेरच्यांना आत घ्यायला? ते त्याने तिला सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगितलं नाही. ती दारातून परत आली, किल्ल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चाल माझी आहे. मी येईपर्यंत हात लावायचा नाही."

त्याला अकरा वर्षं झाली होती. वर्षाकाठी एक पत्र यायचं, नव्या पत्त्याचं. त्या वर्षांत बापाने भिंती वाढवल्या, आत जिने बांधले, मागे जंगल उभं केलं, कारण ती काही चाल नव्हे, ती मागची सोय. दरवाजा, पूल, शिडी आणि शिडीवरचा तो बारका एवढं मात्र जागच्या जागी.

हे सगळं मी ऐकलं होतं. पुढे जे सांगतेय ते वाचताना एवढं लक्षात ठेवा, की मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

वर्षभराने नगरपालिकेच्या डोक्यात आलं की सभागृह आणि वाचनाची खोली पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करावी. साहेब रविवारी पाहणीला येणार होता. मी मोर्चे काढून थकले होते. खरं सांगायचं तर मोर्च्याला माणसं यायची थकली होती. वर्तमानपत्रवाले म्हणत, बाई, तुमच्या घोषणांचा फोटो आम्ही किती वेळा छापायचा? काहीतरी बघण्यासारखं दाखवा. माझ्या डोक्यात किल्ला चमकला.

मी विचारलं तर ओळंबा नको म्हणाला. दुसऱ्यांदा विचारलं, मान हलवली. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो खोली झाडत होता, चेहरा वेगळाच.

"लेक येतेय. रविवारी. तिच्या कामाचं काहीतरी आहे इकडे, तीन तास थांबणार आहे."

"अहो मग सोनं झालं की! इथे कुठे दाखवता तिला? उभं राहायला जागा नाही, भिंतीला ओल. आणि दुकानात तुमचा दादा बसलेला, त्याच्यासमोरून येईल का ती? सभागृहात मांडा. मोठ्या खिडकीखाली. तिची चाल तिला चांगल्या उजेडात करू दे."

दादाचं नाव काढलं तिथे तो अडखळला. मला ते दिसलं आणि मी तिथेच दाबलं. लोकांची दुखरी जागा ओळखणं हा तर माझा धंदा.

गुरुवारी आठ हमालांनी तो लाकडी दरवाजा किल्ल्यासकट जसाच्या तसा उचलून सभागृहात आणला. ओळंबा उलटा चालत, दोन्ही हात पसरून, "सावकाश, सावकाश" करत पुढे. वाटेत दोन झाडं पडली आणि दाढीवाली राणी खंदकात गेली, बस्स. शुक्रवारी त्याने सगळं नीट लावलं. शनिवारी मात्र त्याला स्लॅबच्या कामावर जाणं भाग होतं. स्लॅब एकदा ओतायला घेतला की मधे थांबवता येत नाही, सांधा राहिला की छत गळतं. जाताना म्हणाला, "ताई, लक्ष ठेवा. दरवाजाकडे कोणी..."

"मी आहे ना! माझ्या मढ्यावरून जावं लागेल."

दुपारी फोटोवाला आला. च्युइंगम चघळत किल्ल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भारी आहे. पण बाई, यात चाललंय काय? कोण जिंकतंय?"

"अजून ठरायचंय."

"मग बातमी काय? तुमची वस्ती जिंकतेय की नगरपालिका? लोकांना कळायला नको?"

मला तो प्रश्न झोंबला. माझ्या आयुष्यात न ठरलेल्या लढाया इतक्या झाल्यात की एखादी तरी ठरलेली बघावी असं मनात कायमचं बसलेलं. आणि बाहेरची ती फौज मला पहिल्या दिवसापासून आमचीच वाटायची. फाटके, बिनशिरस्त्राणाचे, उसनी डोकी लावलेले. आतला राजा मला प्रत्येक कचेरीत भेटलाय.

मी पूल सगळा खाली पाडला. दोरा तुटला, तुटू दिला. पंचवीस-तीस सैनिक मुठीने उचलून दरवाजातून आत कोंबले. शिडीवरचा तो बारका काढला आणि मनोऱ्याच्या टोकावर, चेटकिणीला खाली ढकलून, उभा केला. त्याच्या हातात कागदाचा झेंडा दिला, "सभागृह लोकांचं" असं लिहून. तो सारखा पडायला लागला, तर फलक चिकटवायचा गोंद लावला. राजाला बुरजावरून उलटा टांगला. फोटोवाला म्हणाला, "आता कसं! आता बघा!"

आता खरं बोलायचं तर, नंतर पूर्ववत करू असं मी मनात म्हटलं होतं. संध्याकाळी प्रयत्नही केला. पण बारका शिडीच्या कितव्या पायरीवर होता ते आठवेना. पूल किती वर होता ते आठवेना. बारक्याचे पाय मनोऱ्याला चिकटून बसले होते. मग मी स्वतःला म्हटलं, आहे ते वाईट दिसत नाही. खरं तर मला ते आवडलं होतं.

रविवारी सकाळी वर्तमानपत्रात फोटो आला, पहिल्या पानावर. सभागृहात ही गर्दी. एरवी मोर्च्याला पाय दुखणारे लोक आपापल्या पोरांना खांद्यावर घेऊन आलेले. साहेब आला, किल्ल्यासमोर उभा राहून आपलाही फोटो काढवून घेतला, आणि मला कळलं की आता हा सभागृह पाडत नाही. ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला ते कोण पाडतं?

तेवढ्यात ओळंबा लेकीला घेऊन आला. तो तिला उतरवून घ्यायला परस्पर गाडीवर गेला होता. आदल्या दिवशी स्लॅब संपेस्तोवर राबलेला, त्याने सभागृहात पाऊल टाकलं नव्हतं. धुतलेला सदरा, केस ओले करून बसवलेले. लेक तिशीची, बापासारखीच उंच, खांद्याला नकाशांची नळी. तिच्या हातात वर्तमानपत्र होतं, घडी घातलेलं. तिने गाडीवरच घेतलं असणार. बापाला काही न बोलता ती इथवर आली होती.

लोकांनी वाट करून दिली. "आले, आले, कलाकार आले!" कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

ती किल्ल्यासमोर उभी राहिली. पूल पाहिला, शिडी पाहिली. मग मान वर करून मनोऱ्यावरचा बारका पाहिला. तिचा एक हात पिशवीत गेला होता, काहीतरी काढायला. तो रिकामाच बाहेर आला.

"केलीत माझी चाल?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही.

ओळंबा किल्ल्याकडे बघत होता. हा बदललेला किल्ला तो पहिल्यांदाच बघत होता हे त्या अख्ख्या सभागृहात मला एकटीलाच ठाऊक. मग त्याने माझ्याकडे बघितलं. साहेब माझ्या उजव्या हाताला उभा, डाव्या हाताला फोटोवाला, मागे माझी माणसं. एक वाक्य पुरलं असतं. "अगं पोरी, मी केलं ते, त्याला माहीतसुद्धा नाही." चार कचेऱ्या पलीकडे ऐकू जाईल असा माझा घसा आहे. लोक मला भोंगाताई म्हणतात. तो घसा मी त्या वेळी वापरला नाही. साहेब आजच शब्द देणार होता. आधी तो देऊ दे, मग तिला बाजूला घेऊन सांगू, असं मी मनाशी म्हटलं.

ओळंबा म्हणाला, "हो. झालं तसं."

"बरं," ती म्हणाली.

साहेबाने शब्द दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला हार घातला. त्या हारातून मी डोकं बाहेर काढेपर्यंत ती दारापाशी पोचली होती. तिने चहा घेतला म्हणतात, बापाला वाकून नमस्कारही केला म्हणतात. तीन तास थांबणार होती, पाऊण तासात गेली.

सोमवारी ओळंबा सभागृहात आला तो सिमेंटची रिकामी पोती घेऊन. दोन दिवस बसून त्याने किल्ला उतरवला. मोडला नाही, उतरवला. वरून खाली, एकेक ठोकळा, रंगारंगाची वेगळी पोती. मी तिथेच घुटमळत होते. माफी मागायची मला सवय नाही. त्यामुळे माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भांडण.

"अहो, तुम्ही सांगितलं का नाही तिला? मी केलं म्हणून? तुम्हाला काय तोंड नाही?"

"साहेब उभे होते."

"मग?"

"तुमची मान खाली गेली असती. सभागृह गेलं असतं. पोरं बसतात."

"आणि तुमची पोर?"

तो पक्कडीने गोंदातून बारक्याचे पाय सोडवत होता. एक पाय तुटला. त्याने दोन्ही तुकडे लाल पोत्यात टाकले.

"तिला जायची सवय आहे," तो म्हणाला. "मला गप्प बसायची."

पोती त्याने वाचनाच्या खोलीला दिली. पोरं त्यातून घरं बांधतात, गाड्या बांधतात, मजेत असतात. ते बघून मला बरं वाटायला हवं.

तिला फोन करायला मी पाच महिने लावले. काम होतं, सभा होत्या, तिचा पत्ता मिळत नव्हता. सगळी कारणं खोटी. शेवटी एकदा लावला.

"मावशी, बोला," ती म्हणाली. नाव सांगताच मला ओळखलं तिने. मी सगळं सांगितलं. फोटोवाला, पूल, गोंद, साहेब. बाप स्लॅबवर होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. काहीही न गाळता. मला वाटलं, आता ही म्हणेल, अरेरे, बिचारे बाबा, आणि पहिली गाडी पकडेल. तसं मनात पक्कं धरूनच फोन लावला होता मी.

"म्हणजे त्यांना माहीत होतं, हे त्यांनी केलेलं नाही," ती म्हणाली.

"हो ना गं!"

"आणि मी विचारलं तरी ते 'हो' म्हणाले."

"अगं, माझ्यासाठी म्हणाले ते. सभागृहासाठी, सगळ्यांसाठी..."

"तेच की मावशी. तेव्हा काकांसाठी गप्प बसले, आता तुमच्यासाठी. माझ्यासाठी कधी?"

मग मी विचारलं, त्या दिवशी पिशवीत काय होतं गं? चाल कुठली आणली होतीस?

"आता ते सांगून काय करू," ती म्हणाली, आणि रागाने नाही, खरंच दमल्यासारखी. "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." फोन ठेवला.

मी तशीच उठून ओळंब्याकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे एका घराच्या दुसऱ्या मजल्याचं काम चाललं होतं, तो वर परांचीच्या फळीवर उकिडवा बसून विटा लावत होता. शिडी चढायचं माझं वय नाही, तरी चढले. धापा टाकत त्याला सगळं सांगितलं, तिचे शब्द जसेच्या तसे. लपवाछपवी पुरे झाली होती.

त्याने हातातली वीट लावली. ओघळलेला माल थापीने कापून घेतला.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला.

"अहो, बरोबर आहे ना? मग जा! उद्या जा. जाऊन हेच सांगा तिला!"

"काय सांगू?"

"हेच, की तुझं बरोबर आहे."

"ते तिला माहीत आहे, ताई."

"माहीत असणं वेगळं! तुमच्या तोंडून ऐकणं वेगळं! कसं कळत नाही हो तुम्हाला?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग खाली कामावरच्या बाईला हाक मारून आणखी माल मागितला.

कचेरीच्या खिडकीसमोर कसं उभं राहायचं, साहेबाच्या डोळ्यांत बघून कसं बोलायचं, हे मी शेकडो लोकांना शिकवलंय. मुक्या म्हणवणाऱ्या बाया माझ्या हाताखाली तयार होऊन आज माझ्याशीच भांडतात. या एका माणसाला लेकीपुढे बोलायचं एक वाक्य मला शिकवता आलं नाही. आणि शिकवणार कुठल्या तोंडाने? ज्या दिवशी ते बोलायचं होतं त्या दिवशी ते माझ्याविरुद्ध जाणारं होतं, आणि तो गप्प बसला तेव्हा, साहेबाच्या शेजारी उभं राहून, मी सुटकेचा श्वास टाकला होता.